भाताचा चेंडू

रामवाडीच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा बायका स्टेजच्या पायरीपर्यंत येऊन बसल्या. पुरुष भिंतींना टेकून उभे राहिले आणि प्रत्येकाचा मोबाईल वर झाला. स्टेजवर सुशीलदादाने कुकरमधून रेशनचा भात काढला, ओल्या हाताने त्याचा लाडू वळला, चांगला दाबला आणि फरशीवर सोडला. लाडू उसळून त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. "अगो बाय!" असा एकच आवाज हॉलभर झाला.

"भात कधी उसळतो का, माई?" सुशीलदादाने पुढच्या रांगेला विचारलं.

"नाय," बायका म्हणाल्या.

"मग उसळतं काय?"

"पलास्टिक," अख्खा हॉल म्हणाला.

"मी काही बोललो नाही हं. तुम्हीच बोललात. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. मी साधा माणूस, फक्त प्रश्न विचारतो."

डॉक्टर नसल्याचं तेवढं तो खरं सांगायचा. बाकी त्याची विद्या म्हणजे उत्तर आपल्या खिशात ठेवायचं आणि प्रश्न असा विचारायचा, की ते लोकांच्याच तोंडून बाहेर पडावं. लोकही खूश, कारण शोध त्यांनीच लावलेला असायचा.

"आता मी खोटा असेन, पण ही माऊली खोटी नाही," म्हणत त्याने सगुणाला वर बोलावलं. खारपट्ट्यातल्या गावची ही पन्नाशी ओलांडलेली शेतकरीण. त्याने तिच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि तळहातावर रेशनचा मूठभर तांदूळ ओतला. सगुणाने अंगठ्याने दाणे फिरवले. एक दाणा बाजूला काढला, मग दुसरा. दोन्ही दाणे इतरांहून जरा पांढरे, निस्तेज, साच्यातून पडल्यासारखे एकसारखे. "यो आपला दाना नाय," ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. मोबाईलवर तो व्हिडिओ रायगड जिल्हा ओलांडून कुठच्या कुठे गेला.

सगुणाने त्या दिवशी हातचलाखी केली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ते दाणे खरोखरच शेतात पिकलेले नव्हते. खोटं सुरू झालं ते त्याच्या पुढे.

एके काळी गावात बियाणं कुठलं, तांदूळ जुना की नवा, यावर वाद झाला की लोक सगुणाकडे यायचे. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, ती तांदूळ दाताखाली धरूनच करायची. मग खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं आणि जिथे भात डोलायचा तिथे तिवराची झुडपं उभी राहिली. विद्या शाबूत राहिली, पण ती चालवायला दाणा उरला नाही. घरात रेशनचा तांदूळ येऊ लागला. सुपात पहिल्यांदा पाखडतानाच तिला ते वेगळे दाणे दिसले.

तिने रेशनवाल्याला विचारलं. "वरून आलंय. घ्यायचं तर घ्या," तो म्हणाला. पंचायतीत विचारलं, तर तिथला माणूस मान वर न करता हसला. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करून आलेल्या मुलाला, निकेशला विचारलं. "आई, झोपू दे ना गो," तो म्हणाला. प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर द्यायला मात्र कुणाला सवड नव्हती.

सवड एकाला होती. निकेशच्या जुन्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. त्यात सुशीलदादा तोच दाणा चिमटीत धरून म्हणत होता, "हा तुम्हाला दिसला? मग तुम्ही झोपलेल्या नाहीत." सगुणाला चक्क रडू आलं. आपण बघितलं ते दुसऱ्या कुणीतरीही बघितलं, एवढंच तिला हवं होतं. तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला आणि थोड्याच वेळात "माई, तुमच्यासारख्या जाणत्या बाईचीच वाट बघत होतो," असं उत्तर आलं.

झालं. माई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. 'जागती माती' नावाच्या ग्रुपवर नागपूर-कोल्हापूरच्या बायका तिला सकाळी नमस्कार करू लागल्या आणि तांदळाचे फोटो पाठवून सल्ला विचारू लागल्या. ग्रुपवर रोज एक पायरी वर जायची. दाणा वेगळा आहे. वेगळा म्हणजे प्लास्टिकचा. प्लास्टिक फुकट का वाटतील? आपला वंश बुडावा म्हणून. मग गरोदर बायकांना ज्या लाल गोळ्या देतात, त्या कुठल्या कारखान्यातल्या? पहिली पायरी सगुणाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्या भरवशावर बाकीच्या पायऱ्या ती डोळे मिटून चढली. पुरावा मागणाऱ्याला ग्रुपवरून काढायचे आणि खाली लिहायचे, "विकला गेला."

सुशीलदादाचं 'शुद्ध देशी' तांदळाचं दुकान कोलाडला हायवेवर होतं. तिथून दर महिन्याला टेम्पो यायचा आणि लोकांचा 'विषारी' तांदूळ नष्ट करायला म्हणून मातीमोल भावात घेऊन जायचा. सगुणाला मात्र मान म्हणून 'शुद्ध देशी'चं पोतं मिळालं होतं. पाहुण्यारावळ्यांसाठी म्हणून तिने ते बाजूला ठेवलं होतं.

घरात सून गरोदर होती. दिपिका माहेरची रोह्याची, लग्नाआधी तिथे एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. "आई, त्या गोळ्या रक्त वाढायला असतात," ती म्हणाली. "तांदळाचं पण तसंच आहे. मी समजावून सांगते, बसा ना."

"तू काय समजवनार? मी भातात जल्मले." सगुणाने गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं. त्या दिवसापासून दिपिकाने तो विषयच काढला नाही. सून वठणीवर आली, असं सगुणाने ग्रुपवर सांगितलं. ग्रुपने फुलं पाठवली.

गावाबाहेर कातकरवाडी होती. तिथली भागी कित्येक पावसाळे सगुणाच्या शेजारी उभं राहून लावणी करत आली होती. तिची मुलगी दर्शना पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. भागीने ऐकलं आणि ती विचारायला आली.

"सगुणाबाय, गोल्यांचं खरं व्हय?"

"फेकून दे त्या. आन रेशनचा तांदूल पन टेम्पोत दे. वाडीत सगल्यांना सांग."

"तू सांगतंस म्हंजी खरंच असंल. भाताचं तुज्याहून कोनाला कलतंय?" भागी म्हणाली आणि गेली. वाडीने तांदूळ टेम्पोत दिला. आलेल्या पैशात दुकानातली कणी आणली. ती पुरेना, तेव्हा पातळ पेज करून भागवलं.

आठव्या महिन्यात दर्शना पाणी भरताना कोसळली. रिक्षात घालून तिला पेणला दवाखान्यात नेलं. सगुणाला कळलं तशी ती निघाली आणि सवयीने तिने वाटेतच सुशीलदादाला फोन लावला.

"माई, वाईट झालं, पण वेळ मोलाची आहे," तो म्हणाला. "तिथे पोचलात की व्हिडिओ करा. मोबाईल आडवा धरा, उभा नको. बेडवर गोळ्यांचं पाकीट दिसलं पाहिजे."

"पन दादा, ती गोल्या खातच नव्हती. मीच बंद केल्या."

तो म्हणाला, "ते बोलायचं नाही. आपण काही सांगायचंच नाही. फक्त विचारायचं, हे कशामुळे झालं?"

सगुणाने फोन बंद केला. त्याचे प्रश्न कसे बनतात ते तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि इतके दिवस ते आपल्या तोंडून निघत होते हेही दिसलं.

दर्शनाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, पाय सुजले होते, धाप थांबत नव्हती. रक्ताची बाटली लावलेली होती. डॉक्टरीणबाई भागीवर चिडली होती. "अंगात असायला हवं त्याच्या निम्मंही रक्त नाही हिच्या. उशीर केला असता तर दोघंही गेली असती. गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?"

भागीने दाराकडे पाहिलं. दारात सगुणा उभी होती. भागीने नजर काढून घेतली आणि म्हणाली, "कोनी नाय. आमीच इसरलो."

भरल्या हॉलमध्ये खणखणीत निघणारा सगुणाचा आवाज एका खाटेसमोर बसला. अडाणी, निष्काळजी अशी बोलणी भागी मान खाली घालून ऐकत राहिली आणि सगुणाने ती ऐकू दिली. एवढी लाज तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती. ती तशीच मागे फिरून घरी आली.

"दिपिका," ती ओट्याशी बसत म्हणाली, "तू समजावते बोलली होतीस ना. आता समजव."

सगुणाच्या भावाच्या शेतातला, सगुणाने स्वतः उखळात सडलेला तांदूळ डब्यात होता. तो सणासुदीलाच निघायचा. दिपिकाने त्यातलाच मूठभर शिजवला. सगुणाच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच वळा. चांगला दाबा." सगुणाने लाडू वळला आणि फरशीवर सोडला. तो उसळला. घरचा, बापजाद्यांचा, दाताखाली ओळखलेला भात सुशीलदादाच्या भातासारखाच उसळला.

"भातात पिठूळ चिकटपणा असतो," दिपिका म्हणाली. "गरम असताना दाबला की दाणे एकमेकांना धरतात, आत थोडी हवा राहते, म्हणून तो चेंडूसारखा उसळतो. कुठलाही भात उसळतो. पण ताटातला भात आपटून बघतंय कोण? म्हणून आपल्याला ठाऊकच नसतं."

मग तिने रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे वाटीत भिजत घातले. काही वर तरंगले. थोड्या वेळाने तिने एक दाणा बोटांत चुरडला. त्याची पेस्ट झाली. "प्लास्टिक असतं तर चुरडलं असतं का? हे तांदळाचंच पीठ आहे. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळतात आणि मशीनमधून दाण्यासारखं पाडतात, म्हणून ते जरा हलकं होऊन तरंगतं. शंभर दाण्यांत एखादाच असतो. तुमची नजर बरोबर होती, आई. तो वेगळा आहेच. रक्त वाढावं म्हणून मुद्दाम घातलाय."

सगुणा उठली. कोपऱ्यातलं 'शुद्ध देशी'चं पोतं तिने उसवलं. मूठभर तांदूळ घेतला, अंगठ्याने दाणे फिरवले. एक वेगळा दाणा निघाला, मग आणखी एक. वाडीचा तांदूळ टेम्पोतून कोलाडला गेला होता आणि नव्या पोत्यात बसून परत आला होता. जगाचा तांदूळ पारखणाऱ्या बाईने मानाचं पोतं मात्र उघडूनही पाहिलं नव्हतं.

"मंग तू?" तिने दिपिकाच्या पोटाकडे पाहत विचारलं. "तू बिनगोल्यांची कशी रायलीस?"

"नाही राहिले. नर्सकडून दुसरं पाकीट आणलं, रोज एक घेतली. दुपारी तुम्ही आडव्या झालात की." दिपिकाचा आवाज खाली गेला. "तुमच्याशी वाद नको म्हणून गप्प बसले. वाडीत जाऊन सांगायला हवं होतं. मी आपल्यापुरतं बघितलं."

"म्हंजी माज्या घरात माजं कोनी ऐकलं नाय," सगुणा म्हणाली. "ऐकलं ते भागीने."

तिने ग्रुपवर सगळं बोलून पाठवलं. क्षणात तिला काढून टाकलं गेलं आणि खाली लिहिलं गेलं, "विकली गेली." पुढच्या आठवड्यात सुशीलदादाच्या व्हिडिओत दुसरी एक माई आली. हे असंच चालतं. अशा दुकानांत माल बदलत नाही, माई बदलतात.

रक्त चढवून, पोटातल्या बाळासकट सुखरूप दर्शना घरी आली, तशी सगुणा वाडीत गेली. बाया जमल्या. भागीचा नवरा काळू उंबऱ्यावर बसला होता. सगुणाने काही लपवलं नाही. दवाखान्यात आपण दारात गप्प उभ्या होतो, हेही सांगितलं.

काळूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तवा पन तूच सांगत व्हतीस. आज पन तूच. आमी कवाचं खरं मानायचं?"

"माज्यावर इश्वास ठेवूच नका," सगुणा म्हणाली. "तुमच्या चुलीवरचा भात घ्या, वला, आपटून बघा. दाना भिजवा, चुरडून बघा. मी दाना बघितला, तो वेगला होता, ते खरं. का वेगला हाय, ते मला ठावं नव्हतं. ठावं नाय बोलायची लाज वाटली. त्या लाजेपायी तुमची पोर घालवत होते मी."

बायांनी भात आणला. लाडू उसळले, दाणे चुरडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाया गेलेला तांदूळ आणि पातळ पेज सगळ्यांनाच आठवत असावी.

सगुणाने कनवटीचं लाल गोळ्यांचं पाकीट काढून भागीपुढे धरलं. भागीने ते घेतलं नाही. दर्शनाला तिने पाठीशी घेतलं.

"तुज्या हातचं नाय घेयाची आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दुपारी नर्सबाय येते. तिला इचारीन. ती बोलली, तर तिच्या हातून घेईन."

सगुणाचा हात तसाच पुढे राहिला. सगळ्या वाडीसमोर तिची मान खाली गेली. त्या दाण्याचं आपण असंच, जाणत्या माणसाला गाठून, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायला हवं होतं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने पाकीट परत कनवटीला लावलं.

"तसंच कर," ती म्हणाली. "आन नर्सबाय बोलली ना, तरी तिला पन इचार, का म्हनून."