वाफवलेली कोल्हापुरी

माझ्या बायकोने, लुंबिनीने, माझी कोल्हापुरी चप्पल इडलीपात्रात उकडली, हे ऑफिसात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. पण मी, प्रफुल्ल, गाझियाबादच्या त्या स्वयंपाकघरात स्वतः हजर होतो.

लुंबिनीचं डोकं तेव्हा ताळ्यावर नव्हतं. दिल्लीतल्या एका संग्रहालयात ती प्रदर्शन मांडत होती. इंग्रजांच्या काळात हज यात्रेकरूंची जहाजं तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर थांबवत. रोगराई पसरू नये म्हणून सरकार सगळ्यांना उतरवायचं, आंघोळ करायला लावायचं आणि त्यांचे कपडे मोठ्या यंत्रात वाफेवर धरायचं. जेवताना, झोपताना, मेट्रोत, तिला दुसरा विषयच नव्हता.

त्यात जुन्या दिल्लीच्या खुर्शीदा आपा भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी प्रदर्शनासाठी चामड्याची एक जुती दिली, एकाच पायातली, वीतभरही नाही एवढी. त्यांची दादी नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला घेऊन हजला गेली आणि परतताना फक्त त्याची ही जुती घेऊन आली, असं घरात मानत. दादा-दादी लवकर गेले. आपांच्या वडिलांना मामाने वाढवलं; विचारायला कुणी उरलं नाही. भाईजानची, म्हणजे त्या थोरल्या भावाची, कबर शोध, असं वडील मरताना आपांना सांगून गेले. आपांनी ते लुंबिनीच्या गळ्यात घातलं.

"बेटी, कबर कहाँ है, बस इतना बता दो. मेरे पास अब वक़्त नहीं है."

लुंबिनीने जंग जंग पछाडलं. काही हाती लागेना, आणि चिडचिड सगळी माझ्यावर. एका रविवारी मात्र ती ओरडतच उठली.

"प्रफुल्ल, ती जुती लहान मुलाची नाहीच! तळ बोटभर जाड आहे. एवढ्याशा पोराला असा तळ कोण लावतं? वाफेत आकसलीय ती, यार! कपड्यांच्या गाठोड्यात चुकून गेली असेल."

"लेदर असं आकसतं?"

"चलो, बघूच!"

माझा जुना ऑफिसचा बूट इडलीपात्रात गेला. बूट जराही आकसला नाही, उलट चकाकला. लुंबिनी मटकन खालीच बसली. तेव्हा माझीच बुद्धी भ्रष्ट झाली आणि मी बोलून गेलो, "हे आजकालचं केमिकलवालं चामडं आहे. झाडाच्या सालीत कमावलेलं पाहिजे, जुन्या पद्धतीचं."

दोघांची नजर एकदमच रॅककडे गेली. तिथे माझ्या लग्नातल्या कोल्हापुरी होत्या.

"नाही हं," मी म्हणालो.

"एकच!" ती म्हणाली.

घरभर असा वास सुटला की शेजारणीने बेल वाजवली. झाकण काढलं आणि मी किंचाळलो. माझी नऊ नंबरची चप्पल शाळकरी पोराच्या पायाची झाली होती, आणि तळ फुगून जाड! लुंबिनी हातात चिमटा घेऊन नाचायला लागली. चप्पल माझी, नुकसान माझं, तरी मीही नाचलो. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.

मग ती थबकली. "पण आपांनी कबर मागितली होती रे. जुती मुलाची नाही, तर मूल तरी होतं कशावरून? मी तर त्यांचं मूलच काढून घेतेय."

तरी दुपारीच गेलो. एक धड आणि एक आकसलेली, दोन्ही चपला आपांसमोर ठेवल्या. लुंबिनीने त्यांचा हात धरून सगळं हिंदीत समजावलं. ती जुती मोठ्या माणसाचीच, बहुतेक दादींचीच.

आपांनी दोन्ही चपला हातात तोलून पाहिल्या. "तो वह बच्चा?"

"आपा, जूती के सिवा उसकी कोई निशानी है? उसका नाम क्या था?"

"नाम..." आपा बोलता बोलता थांबल्या. "नाम तो किसी ने कभी लिया ही नहीं."

आपा खोलीभर बघत राहिल्या, आणि एकदम टाळी वाजवून हसल्या. आतून सून धावत आली.

"कोई नहीं मरा!" आपा तिला ओरडून सांगत होत्या. "सुन रही हो? कोई मरा ही नहीं था!"

डोळे वाहत होते, हसू थांबत नव्हतं. मग त्यांनी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे मान वळवली आणि हळूच म्हणाल्या, "अब्बा, भाईजान थे ही नहीं. अब मत ढूँढिए. सो जाइए."