निळ्या दोऱ्याचा पोर्रोन

"मुळं तरी कामी येतील, आई," निखाऱ्यांवरच्या कोकराच्या बरगड्या उलटवत आन्सेल्मो म्हणाला. "द्राक्षाच्या जुन्या खोडाइतका विस्तव कशाचाच टिकत नाही."

"वेली अजून उभ्या आहेत माझ्या," दोमितिला फणकारली. "आधी वाइनचे पोर्रोन तर रिकामे होऊ देत."

टेकडीवरची गार्नाचा जातीच्या द्राक्षांची बाग तिच्या नवऱ्याने, बासिलियोने, जन्मभर जपली होती. दगडधोंड्यांतल्या बुटक्या वेली, द्राक्षं मूठभर. गावच्या वाइन सोसायटीत ती सगळ्यांच्या ढिगात पडायची आणि हरवून जायची. बासिलियो गेल्यावर आन्सेल्मोने तिथे बदाम लावायचं ठरवलं. सोमवारी ट्रॅक्टर येणार होता. यंदा मात्र सोसायटीत वाइन करणाऱ्या नूरियाने टेकडीचा माल वेगळा आंबवला आणि सपाटीवरच्या टेंप्रानिल्यो द्राक्षांच्या वाइनमध्ये मिसळला. गावाने ते मिश्रण पसंत केलं तर बाग राहील, नाहीतर ट्रॅक्टर. तसा शब्दच दोमितिलाने मुलाला दिला होता.

वाल्दारेनाल गावची वाइन स्वस्तातली, रोजच्या जेवणाबरोबर प्यायची. तिची निवड गाव घशाने करतं. सोसायटीच्या अंगणातल्या टेबलावर दोन भलेमोठे पोर्रोन ठेवतात, लांब चोचीचे काचेचे चंबू. एकाला लाल दोरा, एकाला निळा. यंदा एकात टेकडीचं मिश्रण, दुसऱ्यात नुसती सपाटीची; कशात काय आहे ते फक्त नूरियाला ठाऊक. सभासद ओठ न लावता वरून धार घेतात, आणि जो चंबू आधी तळ गाठेल ती त्या वर्षीची वाइन.

"काय वहिनी, आज बकऱ्यांचा माल चाखायला मिळणार म्हणे!" सोसायटीचा अध्यक्ष गौदेन्सियो म्हणाला. तो बासिलियोचा धाकटा भाऊ, सपाटीवरचा मोठा बागायतदार. "खरं म्हणजे तुझ्या टेकडीवर बकऱ्यासुद्धा चरायला जात नाहीत."

"म्हणून तर द्राक्षं उरतात. तुझ्याकडे बकऱ्या चरतात आणि वर तूही चरतोस."

अंगण खो खो हसलं. दोमितिलाचं मात्र हसण्यात लक्ष नव्हतं. सगळे आधी लाल दोऱ्याकडेच वळले होते. बघता बघता तो अर्ध्यावर आला, निळा जवळजवळ भरलेलाच. लालमध्ये टेकडी असेल असं स्वतःला समजवायचा तिने प्रयत्न केला, पण मन घेईना.

मग बरगड्या भाजून झाल्या. चरबीने बोटं माखली, तोंडं तुपकट झाली आणि माणसं निळ्याकडे सरकू लागली. एकदा गेलेला पुन्हा जाऊ लागला. गौदेन्सियो तर बरगडी हातातून न सोडता तीनदा जाऊन आला.

"ही आपली सपाटीची!" मान मागे टाकून त्याने शेवटची धार घेतली, चंबू झटकून पाहिला. "मांसाबरोबर काय उतरते! संपली की रे!"

"सपाटीची लाल दोऱ्यात आहे, काका," नूरिया म्हणाली. "तुम्ही टेकडी संपवलीत."

मग जो हशा उसळला, त्यात गौदेन्सियोही लाल होत होत सामील झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी, तुझ्या बकऱ्यांची माफी मागतो. पण पहिली धार आता तू घ्यायचीस."

नूरियाने चंबू पुन्हा भरून आणला. बासिलियो गेल्यापासून दोमितिलाने पोर्रोन हातात धरला नव्हता. आज तिने तो दोन्ही हातांनी उंच उचलला. वाइन घशातून उतरली, थोडी तिखट, ऊन लागलेल्या दगडासारखी कोमट. आनंदाने तिचा ऊर भरून आला. आपण जिंकलो, असं मोठ्याने ओरडावंसं वाटलं तिला.

शेगडीजवळ आन्सेल्मो फोनवर बोलत होता. "सोमवारी ट्रॅक्टर नको... नाही, पुढच्याही नको." मग तो ओलं फडकं घेऊन आला. "आई, सांडलंस बघ गळ्याशी. पांढरा ब्लाउज आहे, आत्ताच पुसलं तर डाग निघेल."

दोमितिलाने खाली पाहिलं. बासिलियोच्या प्रत्येक सदऱ्यावर डाग नेमका इथेच पडायचा, आणि ती घासता घासता त्याला शिव्या घालायची.

"असू दे," ती म्हणाली आणि चंबू पुढच्या माणसाकडे दिला.