घोरपडीची खांदेमळणी

"ही रेघ दिसते? ह्याच्यावर थेंबभर तेल जाऊ द्यायचं नाही." बशीर मिस्त्रीनं तेल मोजायची सळई चिंधीनं पुसली. "जास्त झालं का इंजिन तेच पेऊन पयते. मंग डिझल बंद केलं तरी थांबत नाही."

"मंग कसं थांबते?" कडूबानं विचारलं.

"तोंडावर ओलं पोतं दाबून हवा कोंडा लागते. नाही तं फुटते."

"माह्या बैलाईनं असं कधी केलं नाही बे!" कडूबा हसला. बशीर मात्र हसला नाही.

बीबी गावात बशीरचं दुकान म्हणजे बाभळीखालची एक टपरी. पंचक्रोशीतली विहिरीवरची इंजिनं तिथं आजारी होऊन यायची आणि बरी होऊन जायची. त्याचं बरं चाललं होतं. पण गावचे पाटील पंजाबराव यांनी कुठल्याशा मासिकात दिवसरात्र धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीचं चित्र पाहिलं आणि ते बशीरच्या मानगुटीवर बसले. पंजाबरावांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं ब्रह्मदेवालाही जमत नसे. शेवटी बशीरनं एक जुनं डिझेल इंजिन, मोडक्या जीपची चाकं आणि पत्रे जोडून नमुना उभा केला. लांबुळका, पोट जमिनीला घासेल इतका बुटका. गावानं त्याला घोरपड म्हणायला सुरुवात केली.

घोरपडीला क्लच नव्हता. इंजिनावरून पट्टा थेट मागच्या चाकांना, त्यामुळे इंजिन थांबलं तरच ती थांबणार. ब्रेक होता, तो नावापुरता.

पोळ्याच्या दिवशी बैलांना सुट्टी, म्हणून शर्यत त्याच दिवशी ठरली. तलावाभोवतीच्या मुरमाच्या रस्त्यावर, उजाडल्यापासून संध्याकाळी पोळ्याचं तोरण तुटेपर्यंत, सोनाळ्याच्या शंकररावांच्या पेट्रोल जीपशी. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला. जीपला सारखं पेट्रोल भरायला थांबावं लागेल, घोरपड दिवसभर थांबणार नाही, हा पंजाबरावांचा डाव होता. घोरपडीवर बसायला त्यांनी आपला गाडीवान निवडला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, भल्याभल्या बैलांना आवरणारा कडूबा.

आदल्या संध्याकाळी पंजाबरावांच्या गोठ्यात खांदेमळणी झाली. कडूबाच्या बायकोनं, गोजरबाईनं, बैलांचे खांदे तेल-हळदीनं चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं प्रत्येकाच्या कानात सांगितलं. गोठ्याच्या टोकाला घोरपड उभी होती. उद्या आपला माणूस हिच्यावर बसणार, आणि हिला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं गोजरबाईला वाईट वाटलं. तिनं पत्र्याला हळद-तेल चोळलं. आवतन दिलं.

शंकरपटाच्या आधी बैलाला तेल पाजतात, दम टिकावा म्हणून. तिनं ते नवऱ्याच्या बरोबरीनं कितीदा केलं होतं. बशीर तेल कुठून ओततो, हेही तिनं पाहिलं होतं. तिनं ते बूच फिरवलं आणि करडईच्या तेलाचा भरलेला तांब्या घोरपडीच्या पोटात रिकामा केला.

"सांभाळून आन माह्या मानसाले," ती म्हणाली.

सकाळी पत्र्यावर पिवळी बोटं उमटलेली पाहून बशीरला गंमत वाटली. सळई काढून पाहावी, असं त्याच्या मनात आलं होतं. पण तेल काल दुपारीच पाहिलेलं, आणि पंजाबराव "चाला, चाला" करत डोक्यावर उभे. त्यानं हॅन्डल मारलं.

दुपारपर्यंत सगळं पंजाबरावांच्या मनासारखं झालं. जीप थांबायची, भरायची, पुन्हा पळायची. घोरपड मात्र धडधडत फिरत होती. लोक शिट्ट्या मारत होते. मग धुराचा रंग बदलला. काळ्याचा निळा झाला. बशीर पंजाबरावांकडे धावला.

"पाटील, थांबवा लागते. तेल जळून राह्यलं."

"आता? जीप मांगं पडली अन् आता थांबू? काऊन बे, फितूर झाला काय?"

पुढच्या फेरीला आवाज चढला. धडधड संपून नुसती किंकाळी उरली. कडूबा समोरून गेला तेव्हा त्यानं डिझेल बंद करायचा दांडा पुरता खाली ओढलेला बशीरनं पाहिला. ओलं पोतं घेऊन तो मागं धावला, पण पन्नाशीच्या माणसाच्या हाती घोरपड कसली लागते! वळणापलीकडे तोरणाकडे निघालेले बैल होते. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले. त्यांच्या कासऱ्यांना धरून अर्धं गाव चाललेलं.

कडूबानं ते पाहिलं असणार. त्यानं चाक मोडेल इतकं फिरवलं आणि घोरपड उभ्या ज्वारीत घातली. धांडे वाकत गेले. मग धडाका झाला, आणि सगळे बैल एकदम बिचकले.

इंजिनाचं जड चाक फुटून त्याचा तुकडा कडूबाच्या छातीत शिरला होता. जिवानिशी गेलेला एकच माणूस, तोच.

सगळ्यात आधी बशीर पोचला. सांडलेल्या तेलाचा वास त्यानं घेतला. तो करडईचा होता. मग पत्र्यावरची पिवळी बोटं पाहिली आणि काय झालं ते त्याला कळलं. लोक ज्वारी तुडवत येईपर्यंत त्यानं ती बोटं रॉकेलच्या चिंधीनं, नखानं, रडत रडत खरवडून काढली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर गोजरबाई टपरीपाशी येऊन उभी राहिली.

"बशीरभाऊ, मले एक सांगा. मी तं घोरपडीले तेल पाजलं होतं. आवतन बी देल्लं होतं. मंग काऊन असं केलं तिनं?"

बशीरनं तिच्याकडे पाहिलं. हिला अजून उरलेलं आयुष्य काढायचं आहे, एवढंच त्याला दिसलं.

"तेलाचं काही नाही भाबी. तेल चांगलंच असते. माह्या हातानं एक बोल्ट ढिला राह्यला."

"तुमच्या हातानं?"

"हाव."

मग तिचा चेहरा हळूहळू कठीण झाला, आणि त्या कठीणपणात तिला उभं राहायला आधार सापडला.

"सडतीन तुह्ये हात," ती म्हणाली.

बशीरनं मान खाली घातली. त्याच्या नखांत हळद अजून तशीच होती. ती दिसू नये म्हणून, गोजरबाई रस्त्याला लागेपर्यंत त्यानं मुठी आवळून धरल्या.