माझ्या आईची ओळ

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी डेटा पत्रकारितेच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला, वाघाच्या हल्ल्यात गेलेली माणसं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे. सरकारी आकडे मिळवले, नागपूरच्या वसतिगृहात ते उघडून बसले, तर एका ओळीत माझी आई. मंगली, वय बेचाळीस. कारण: जंगलात अनधिकृत प्रवेश.

उठून पाणी प्यायले तरी अंगाची आग जाईना. आई मोहफुलं वेचायला गेली होती, तीही आमच्याच झाडाखाली. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. फुलं पडायच्या आधी ज्याचं झाड तो खालचा पाला काढून जागा साफ करतो, आणि त्या जागेतलं फूल दुसरं कोणी उचलत नाही. जन्माचं भांडण असलेला शेजारीसुद्धा नाही.

सुट्टीत गावोगाव फिरले. मोहफुलं वेचताना वाघानं नेलेल्या माणसांची झाडं घरच्यांना विचारून नकाशावर टाकली. माझे बाबा, सुकलू, सोबत होते. आमच्या झाडापाशी जागा टिपायला मी मोबाइल धरून उभी राहिले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अनधिकृत काऊन लिवलं? तिनंच तं साफ केलं होतं इथी."

नकाशा तयार झाला. जवळजवळ सगळ्यांना वाघानं गाठलं होतं ते ज्याच्या त्याच्या झाडाखालीच. पण अनधिकृत लिहिलं की वनखात्याला भरपाई टाळता येते.

मार्गदर्शक सरांना नकाशा आवडला. फक्त आईची ओळ काढ म्हणाले. संशोधकाचं घरचं माणूस आकड्यांत आलं की हितसंबंध आला, परीक्षक अडवतील, पदवी लटकेल. ते माझ्या भल्याचंच सांगत होते, म्हणून तर जास्त राग आला.

तोंडी परीक्षेला ओळ जागच्या जागी होती. तिच्याखाली मी लिहिलं होतं, ही संशोधकाची आई. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना सरांकडून कळलं असावं; त्यांनी विचारलं, काढायला सांगितली होती ना? हो म्हटलं. मग का ठेवली?

शहरात कमावलेली माझी शुद्ध मराठी नेमकी तेव्हा पळाली.

"मॅडम, हितसंबंध माहा आहे, तो मी लिवला. अनधिकृत लिवणाऱ्यायचाही होता. त्यायनं कुठी लिवला?"

बाईंनी शेरा दिला: सदर ओळ वगळून सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावे.

मी कागद उचलले.

"सहा महिन्यानं येतो, मॅडम. पण मायले घेऊनच येईन."