भुंगीचा कोपरा

“अहो, दोरी नीट धरा. उद्या वर्गात तुमच्यासारखा एखादा ढिला निघाला, तर माझ्या त्रिकोणाचं गाठोडं होईल!”

बायको हे दरवर्षी म्हणायची. ती शाळेत गणिताची बाई. त्रिकोणाच्या बाजूंची नावं शिकवायची असली, की आदल्या संध्याकाळी घरात रंगीत तालीम. दोरीची टोकं गाठून वेढा करायचा आणि तिघांनी तीन कोपरे धरायचे. जी बाजू ज्या दोघांच्या मध्ये, तिला त्या दोघांचं नाव. मी शिंपी, जन्मभर कापड बेतलं, पण या परीक्षेत दरवर्षी ये रे माझ्या मागल्या. आमची लेक मात्र धडाधडा म्हणायची, “आई-बाबा, बाबा-भुंगी, भुंगी-आई!” सतत गुणगुणायची म्हणून ती भुंगी. मग मुद्दाम हात सोडायची आणि टाळ्या पिटायची. “मी एकटी सुटले, दोन बाजू गायब!”

यंदा तापाचं निमित्त झालं आणि भुंगी गेली. तेव्हापासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलायचो. मीठ संपलंय, दार लाव, एवढंच. रडायचं तेही एकमेकांकडे पाठ करून.

काल दुकानातून आलो, तर बायको दोरी घेऊन उभी.

“उद्या बाजू शिकवायच्यात. मला नाही जमायचं.”

“मोठ्या बाईंना सांग. दुसरं कुणीतरी शिकवेल.”

“आणि पुढच्या वर्षी?”

मी एक कोपरा धरला, तिने दुसरा. दोरीचे दोन पदर आमच्यामध्ये एकमेकांना चिकटून राहिले. त्रिकोण काही होईना. शेवटी मी भुंगीची बुटकी खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीला दोरी अडकवली.

“नावं सांगा,” बायको म्हणाली. आवाज वर्गातला होता.

“आई-बाबा,” मी म्हणालो. “बाबा-भुंगी.”

तिसरी बाजू तिने सांगायची होती. तिला हुंदका फुटला, ती मागे सरली आणि दोरी ताणली गेली. खुर्ची हलकीच ती. फरशीवर खरखरत आमच्याकडे सरकली आणि कलली.

“सैल सोडा हो,” ती रडत म्हणाली. “पडेल ती.”

आम्ही दोघंही पाऊलभर पुढे झालो. दोरी जमिनीला टेकली, तरी हात कुणीच सोडला नाही.