खुर्चीचं प्रमाण

मेंदूला झटका आला तेव्हा आईचा उजवा हात गेला, पाय गेले आणि वस्तूंची बरीच नावं गेली. आकडे तेवढे देवाने मागे ठेवले. का, ते त्यालाच ठाऊक. जन्मभर सातवीला गणित शिकवलेली बाई. आता दवाखान्याच्या खोलीत पाण्याच्या पेल्याकडे बोट करून म्हणायची, "तो क्ष दे."

"अगं, मघाशी चष्मापण क्षच होता!"

"दर वेळी किंमत वेगळी. म्हणून तर त्याला चल म्हणतात."

लेक हसायची, पेला ओठांना लावायची आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसायची.

आठवड्याभरात आईला इथून न्यायचं होतं. घरी की वृद्धाश्रमात, एवढाच प्रश्न. जावई मनाचा वाईट नव्हता. तो म्हणाला होता, "आई मला जड नाहीत गं. पण चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून जाणार आहे का? भाड्याचं घर. मालक भिंतीला हात लावू देत नाही. कागदावर बसवून दाखव, मी स्वतः जाऊन घेऊन येतो त्यांना."

लेकीने आलेखाचा कागद आणला. वीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरून सगळं घर काढलं. खाट, कपाट आणि खुर्ची पुठ्ठ्याची कापली. संध्याकाळी नवऱ्याला दाखवण्याआधी तिने ते आईच्या मांडीवर ठेवलं. पुठ्ठ्याची खुर्ची बोटाने ढकलली. ती न्हाणीघराच्या दारातून अलगद आत गेली.

"बघ! जातेय की नाही? आता तू घरी."

आईचा चेहरा उजळला. मग जुनी खोड! डाव्या हाताने तिने पट्टी मागितली. चित्रातलं दार मोजलं: तीन. मग स्वतः बसली होती त्या चाकांच्या खुर्चीला या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टी लावत गेली.

"सहासष्ट. भागिले वीस?"

लेक कागदाचा कोपरा सरळ करत बसली.

"वर्गात झोपलीस का?"

"तीन पूर्णांक तीन."

आईने पुठ्ठ्याची खुर्ची पट्टीवर ठेवली. तीनसुद्धा भरली नाही.

"घराला वीस. हिला पंचवीस?"

"घाईत झालं असेल."

"घाईत नाही झालं." आई तिच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "लहानपणी चुकायचीस, ती चूक खरी असायची."

लेकीचा बांध फुटला. "तू त्यांना काही बोलू नकोस ना. ते शब्द मोडणारे नाहीत. एकदा तू घरी आलीस की बघू पुढचं. मी उचलेन तुला."

"रोज?"

"रोज."

आईने लेकीच्या मनगटावर अंगठा ठेवला. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी ही पोर; पाठ आताच वाकायला लागली होती. घरी जायची ओढ आईलाही होती. देवाजवळ तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. आणि तो प्रसाद ओंजळीत आला, तर तिने ओंजळच उलटी केली.

"एका चित्रात दोन प्रमाणं नसतात," ती म्हणाली. "नवा कागद घे. त्या... त्या तिकडच्या खोलीचा."

दोन दिवसांनी लेक वृद्धाश्रमातली खोली मोजून, काढून घेऊन आली. रुंद दार, खाट, खिडकी. आईने सगळ्याला पट्टी लावली. चूक सापडली नाही. मग खाटेच्या कडेला, रिकाम्या जागी बोट टेकवलं.

"इथं क्ष."

"पेला? टेबल?"

आईने नाही म्हणून मान हलवली. शब्द येईना. तिने लेकीचीच बोटं धरून त्या जागेवर दाबली.

लेकीने स्वतःला बसायला पुठ्ठ्याचं एक छोटं स्टूल कापलं आणि तिथे चिकटवलं. आईने तेही मोजलं.

"बरोबर," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.