लातूर गाडी मैदानात लागलेली आहे

आमचं बसस्थानक साडेतीन मिनिटांत रिकामं झालं. जिल्ह्यात विक्रम.

कागदोपत्री असं काही झालेलंच नाही. पुढं वाचा.

झालं ते एवढंच. आग लागली तर गर्दी बाहेर कशी काढायची, याचा सराव ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवला होता. मी यासेर, इथला वाहतूक नियंत्रक. सराव पार पडला तर माझी नांदेडला बदली. बायको, मुबश्शिरा, तिथं शाळेत शिकवते. चार वर्षं आमचा संसार मोबाइलवर चालू आहे.

शेजारच्या मैदानात चुन्याच्या फक्कीनं मोठं रिंगण आखलं. सुरक्षित जागा.

सायरन वाजला. कुणी उठलं नाही. धूर सोडला. एकानं त्यात बिडी पेटवली. "आग लागली! आग!" मी माइकवर ओरडलो. बाकड्यावरून एक शेतकरी, शेषेराव, म्हणाले, "आग लागू द्या हो, लातूर गाडी कवा लागायली ते सांगा."

तपासायला आलेले साहेब घड्याळ बघू लागले. बदली धुरात चालली. मग मी शांतपणे बोललो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लातूर गाडी शेजारच्या मैदानात लागलेली आहे."

कुबडीवाला पहिला पोचला. रिंगणात रुमाल, टोप्या, पिशव्या पडल्या. बाजाराला आलेल्या केवळाबाईंनी लांबूनच केळीचा घड फेकून दोन जागा धरल्या.

साहेब खूश. "आता गर्दी परत आणा. त्याशिवाय सराव पूर्ण धरत नाहीत."

मी गेलो. "मावशी, उठा. गाडी नव्हतीच."

"आरं, तूच बोललास न्हवं माइकवर?" केवळाबाई म्हणाल्या.

"खोटं बोललो."

"मग आताबी खोटंच बोलायलास. जागा धरलीय म्या."

तेवढ्यात खरी लातूर गाडी फलाटावर लागली. मी बोट दाखवलं. शेषेराव हसले. "आम्हाला उठवून हितं आपली माणसं बसवायचा डाव हाय, यासेरभाई."

गाडी रिकामी गेली. कंडक्टरनं मला हात केला.

संध्याकाळी अर्ज लिहिला:

'सुरक्षित जागेतील एकसष्ट प्रवासी हलण्यास तयार नसल्याने सराव अपूर्ण व माझी बदली प्रलंबित आहे. सबब, सदर फक्कीच्या रिंगणास वाहन क्रमांक व चालक देऊन ते नांदेडमार्गे लातूरला सोडण्यास मंजुरी मिळावी. वाहक म्हणून नांदेडपर्यंत जाण्यास मी तयार आहे.'